विहिरीवर बसलेला तहानेला प्रभू



उपवासकाळाच्या या तिसऱ्या रविवारी ख्रिस्तसभेने आपल्यापुढे पाण्याचा विषय ठेवला आहे. पहिल्या वाचनात रानात तहानेने कासावीस झालेले इस्राएल लोक मोशेवर कुरकुर करतात आणि परमेश्वर त्यांच्यासाठी होरेबच्या खडकातून पाणी काढतो. शुभवर्तमानात भर दुपारी, चालून थकलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसतो आणि घागर घेऊन आलेल्या शोमरोनी स्त्रीपाशी पाणी मागतो. पुढचे संभाषण आपल्याला जवळजवळ तोंडपाठ आहे. त्यामुळे होते काय, की हे वाचन आले की आपण झटकन जिवंत पाण्याकडे, पवित्र आत्म्याच्या कृपेकडे वळतो आणि घागरीतले साधे पाणी मागेच राहते. आज आपण थोडा वेळ त्या साध्या पाण्यापाशी थांबणार आहोत.

प्रभूला त्या दिवशी खरोखरच तहान लागली होती. ती दाखवण्यापुरती तहान नव्हती. देवाचा पुत्र माणूस झाला म्हणजे त्याच्याही घशाला कोरड पडली, आणि ती भागवण्यासाठी त्याला परक्या जातीच्या बाईपुढे हात पसरावा लागला. पुढे क्रुसावरही त्याने तहान लागल्याचे सांगितले. अंतिम न्यायाच्या दाखल्यात तर त्याने स्वतःला तहानलेल्या माणसांमध्येच बसवले आहे. त्यांना पाणी दिले तर ते मला दिले, त्यांना नाकारले तर मला नाकारले, असा त्याचा हिशेब आहे.

आणि ती विहीर? ती स्त्री मोठ्या अभिमानाने सांगते की ही आमच्या पूर्वजाने, याकोबाने दिलेली विहीर आहे. तो स्वतः, त्याची मुलेबाळे आणि त्याची गुरेढोरे हिचे पाणी प्यायली. याकोबानंतर किती पिढ्या गेल्या, किती राज्ये आली आणि बुडाली, तरी विहिरीचे पाणी पिण्याजोगे राहिले होते. म्हणून तर येशू ते मागू शकला. आजच्या नाब्लस शहराजवळच्या एका ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये यात्रेकरूंना ती विहीर अजूनही दाखवतात.

बंधुभगिनींनो, आता एक प्रश्न आपण स्वतःलाच विचारू या. प्रभू आज दुपारी आपल्या वाडीत आला, आपल्या विहिरीच्या कठड्यावर बसला आणि त्याने पाणी मागितले, तर आपण रहाटाची किंवा पंपाची एक कळशी त्याच्यापुढे धरू का? की घरात धावत जाऊन फ्रिजमधली विकतची बाटली आणू?

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या बहुतेक घरांचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. आपले आजोबा-पणजोबा विहिरीचे पाणी गाळून पीत होते. वाडीच्या शिंपणासाठी त्यांनी बावखले खोदली. नव्या पिढीतल्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो, म्हणून सांगतो: बावखल म्हणजे दगडी बांधकाम नसलेला, जमिनीत खणलेला मोठा खड्डा. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरींना उन्हाळ्यात आधार देते. त्यावर रहाट फिरत असे आणि केळी, पानवेल, फुलझाडे, भाजीपाला त्या पाण्यावर वाढत असे. बावखलात मासे असत, ते डासांच्या अळ्या खात. कोणत्याही इंजिनिअरला न विचारता आपल्या शेतकरी पूर्वजांनी उभी केलेली ही जलव्यवस्था होती. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरी गोड राहिल्या, त्यात या बावखलांचा मोठा वाटा होता.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाची एक गोष्ट आहे. त्याच्या बापाने, आब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्टी लोकांनी मत्सराने माती टाकून बुजवल्या. इसहाकाने त्या पुन्हा उपसल्या आणि बापाने दिलेलीच नावे त्यांना पुन्हा दिली. आपल्याकडची बावखले कोणत्या शत्रूने बुजवली? बांधकामाचा राडारोडा, मंडपाच्या जेवणावळींचे थर्माकोल, फाटक्या पिशव्या, घरातला नको असलेला गाळसाळ. हे टाकणारे हात कोठून आले? पलिष्ट्यांना निदान मत्सराचे कारण तरी होते. आपण तर आपल्याच बापाची विहीर बुजवली आणि वर त्या जागेचा भाव विचारला.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा टँकरने होणारा भूजलाचा उपसा हा तिच्यातला एक कळीचा प्रश्न होता. जमिनीखालचे गोडे पाणी प्रमाणाबाहेर ओढले की त्याची जागा समुद्राचे खारे पाणी घेते, हे तेव्हा गावोगाव सांगितले गेले. फादर २०२४ मध्ये देवाघरी गेले. त्यांच्या श्रद्धांजली सभांना आपण गर्दी केली, हे योग्यच झाले. पण खारेपणा जिभेला लगेच कळतो. आज आपल्या विहिरींत जे दुसरे काही मिसळते आहे, ते जिभेला कळत नाही, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

विषय थोडा ओंगळ आहे, तरी मिस्सेला येणाऱ्या माणसांनी ओंगळ विषय टाळावेत असा नियम कोठे नाही. आपल्या नव्या घरांना, बंगल्यांना, भाड्याच्या खोल्यांना संडास झाले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु आपण ज्याला सेप्टिक टँक म्हणतो तो पुष्कळ ठिकाणी टँक नसतोच. खाली तळ न बांधलेला तो नुसता शोषखड्डा असतो. आपली किनारपट्टीची जमीन रेताड आहे. खड्ड्यात गेलेले पाणी रेतीतून वाट काढत विहिरीकडे पोहोचते. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांच्यात निदान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट अंतर असावे, असे भारतीय मानक सांगते. भावाभावांत वाटण्या होऊन अर्ध्या-पाऊण गुंठ्यावर आलेल्या आपल्या आवारांत ६० फूट आणायचे कोठून? एकाचा खड्डा दुसऱ्याच्या विहिरीला खेटून असतो आणि मधल्या कुंपणावरून भाऊबंदकीही चालू असते. कुंपण माणसांना अडवते, पाण्याला नाही.

अशा पाण्यातून अतिसार, विषमज्वर आणि कावीळ येते. काविळीबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत एक प्रसंग घडला. यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगड नाल्याचे मैलापाणी वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत मागे आले. अधिकाऱ्यांना हे कळले होते. त्यांनी क्लोरीनचे प्रमाण वाढवले. त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही. पण काही आठवड्यांनी शहरात काविळीने सुमारे २९ हजार माणसे आजारी पडली. ही कावीळ कोणत्या विषाणूची, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १९८० च्या दशकात त्याची ओळख पटली आणि त्याला हिपॅटायटिस ई असे नाव मिळाले. हा आजार बहुतेकांना काही आठवडे अंथरुणात पाडून सोडून देतो. मात्र गरोदर स्त्रीला शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला, तर अशा शंभर स्त्रियांपैकी वीस-पंचवीस दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुष्कळदा पोटातले बाळही हाती लागत नाही.

आपण कॅथलिक माणसे गर्भातल्या जिवाच्या हक्कासाठी बोलतो, मोर्चे काढतो, प्रार्थना करतो. ते केलेच पाहिजे. मग त्या गर्भवतीच्या पेल्यात काय आहे, याविषयी आपण गप्प कसे राहतो? जीवनाचे रक्षण दवाखान्याच्या दारात सुरू होत नाही. ते विहिरीपासून सुरू होते.

आणखी एक बाब. पाणी उकळले की सगळे दोष जातात असा आपला समज आहे. जंतू आणि विषाणू उकळल्याने मरतात, म्हणून उकळणे अवश्य करावे. पण मैलापाण्यातून आणि वाडीत टाकलेल्या रासायनिक खतातून उतरणारे नायट्रेट उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, अशी आपल्या देशाची मर्यादा आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेले दूध दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते आणि बाळ निळसर पडू लागते. आपल्याच युरियाचा हा उलटा प्रवास आहे.

विहिरीचे पाणी विहिरीत राहत नाही आणि नाल्याचे नाल्यात राहत नाही. शेवटी सगळे खाडीत जाते, आणि खाडीवर आपले कोळी बांधव राहतात. वाडीवाले आणि कोळी एकाच वेदीसमोर गुडघे टेकतात, पण एकाचे सांडपाणी दुसऱ्याच्या ताटात जाते, हे आपल्या लक्षात येत नाही. पाण्यातला मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. आपल्याकडच्या उबदार हवामानात स्वच्छ गोड्या पाण्यातही लिटरमागे तो जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम असतो. खाऱ्या पाण्यात त्याहून थोडा कमी. घरगुती मैलापाणी कुजताना लिटरमागे दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम प्राणवायू खाते. हिशेब तुम्हीच करा: एक बादली मैलापाणी तीस बादल्या चांगल्या पाण्याचा श्वास काढून घेते. भरतीचे पाणी रोज दोनदा येऊन खाडीला थोडा श्वास परत देते, म्हणून ती अजून तग धरून आहे. तळ्याला आणि बावखलाला भरती नसते. तिथे साबणाचा आणि खताचा अंश साचला की शेवाळ आणि जलपर्णी माजते, खालचा उजेड बंद होतो, शेवाळ मरून कुजते आणि एके सकाळी मासे पांढरी पोटे वर करून तरंगताना दिसतात. लोक म्हणतात, कोणीतरी विष टाकले. कोणी एकाने टाकलेले नसते. सगळ्यांनी थोडे थोडे टाकलेले असते.

जुन्या माणसांना विचारा, खाडीत काय काय मिळायचे. बोय, निवटी, जिताडा, चिंबोऱ्या, कालवे, तिसऱ्या. तिवरांची मुळे म्हणजे या सगळ्यांच्या पिल्लांचे पाळणाघर. आता त्या मुळांना काय लटकते ते पुलावरून जातानाही दिसते. डोल जाळे ओढले की बोंबलांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या येतात, आणि त्या वेचून काढण्यात डिझेलही जाते आणि दिवसही. उत्तरेला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने जानेवारी २०२२ मध्ये निकाल देताना प्रदूषण करणाऱ्यांनी नुकसानभरपाई द्यावी असे ठरवले. मासेमारी करणाऱ्या साध्या माणसांनी सहा वर्षे चिकाटीने लढा दिला, हे आपण आपल्या तरुणांना सांगितले पाहिजे.

इथे काही जण म्हणतील, "फादर, मग ते कारखान्यांना सांगा, सरकारला सांगा. आम्हां गरिबांच्या संडासाने काय होणार?" कारखान्यांना सांगितलेच पाहिजे, आणि शहराचे मैलापाणी प्रक्रिया न करता नाल्यात सोडणाऱ्या यंत्रणेलाही जाब विचारला पाहिजे. मतदार म्हणून ते आपले काम आहे आणि त्यात भिडस्तपणा नको. पण मोठ्या चोराकडे बोट दाखवून लहान चोर सुटत नाही. आपल्या धर्मग्रामात कारखान्याची चिमणी नाही. जे आहे ते आपले आहे.

संदेष्टा यहेज्केल याच्या चौतिसाव्या अध्यायात मेंढपाळांना झापल्यावर परमेश्वर एकदम कळपातल्या मेंढरांकडेच वळतो. धष्टपुष्ट मेंढरांना तो विचारतो की तुम्ही स्वच्छ पाणी प्यायलात, एवढ्यावर तुमचे भागले नाही काय? उरलेले पाणी पायांनी गढूळ का करता? माझ्या दुबळ्या मेंढरांना तुमच्या पायांनी गढुळलेले पाणी प्यावे लागते! हा अध्याय आपण बहुधा धर्मगुरूंना बोल लावण्यासाठी वापरतो. पुढच्या ओळींपर्यंत सहसा कोणी जात नाही.

आज धष्टपुष्ट मेंढरू कोणते? ज्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी शुद्ध करण्याचे यंत्र टांगलेले आहे ते. आपल्यापैकी पुष्कळांनी मागच्या अंगाला चार-सहा खोल्या काढून भाड्याने दिल्या आहेत. त्यांत परगावची, परप्रांतातली कष्टकरी कुटुंबे राहतात, कोठे आदिवासी मजूर राहतात. घरमालक यंत्राचे पाणी पितो आणि भाडेकरू विहिरीचे. आणि त्याच विहिरीपासून पंधरा फुटांवर सहा खोल्यांचा मिळून एक खड्डा असतो. भाडे मात्र पाच तारखेला वेळेवर लागते. त्या खोलीतली एखादी गरोदर बाई उद्या काविळीने पडली, तर ती आपल्या घराची नव्हे, आपल्या धर्माचीही नव्हे, पण अंतिम न्यायाच्या दाखल्यात तहानलेल्याचा धर्म विचारलेला नाही. यहुदी शोमरोन्यांचे भांडेही वापरत नसत, तरी प्रभूने शोमरोनी बाईच्या हातून पाणी मागितले. दाखल्यातही तो त्याच बाजूला, भाड्याच्या खोलीत बसलेला आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये सृष्टीच्या जतनाविषयी 'लौदातो सी' हे परिपत्रक काढले. पिण्याचे सुरक्षित पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे, कारण त्यावर त्याचे जगणेच अवलंबून आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले आहे. आणि गरिबांच्या वाट्याला येणाऱ्या पाण्याची प्रत किती वाईट असते, यावर बोट ठेवले आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेचे पात्रिआर्क बार्थोलोमिओ यांनी जल, भूमी आणि हवा दूषित करणे हे पाप असल्याचे १९९७ मध्येच सांगितले होते, त्याचीही पोप महोदयांनी या परिपत्रकात आठवण दिली आहे. तरीही प्रायश्चित्त संस्काराला येताना हे पाप किती जणांच्या यादीत असते? मिस्सा चुकली, राग आला, खोटे बोललो, एवढे सगळे असते. शेजाऱ्याच्या विहिरीत माझी घाण झिरपते, हे नसते.

पास्काच्या आदल्या रात्री आपण पेटती पास्कामेणबत्ती पाण्यात उतरवून स्नानसंस्काराचे पाणी आशीर्वादित करतो. त्या प्रार्थनेत सृष्टीच्या आरंभीचे पाणी, जलप्रलय, तांबडा समुद्र, यार्देन, आणि प्रभूच्या कुशीतून वाहिलेले रक्त व पाणी, हा सारा इतिहास येतो. देवाने माणसाला आपले लेकरू करून घेण्यासाठी सोने निवडले नाही, तेल एकटे पुरेसे मानले नाही. सगळ्यांकडे असते ते पाणी निवडले. त्या रात्री घरी न्यायला आपण बाटल्या भरभरून पवित्र पाणी घेतो. हे पाणीही मुळात जमिनीतूनच येते.

पास्काला अजून चार आठवडे आहेत. या उपवासकाळात मांसमच्छी वर्ज्य करण्याबरोबर एक वेगळा उपवास आपण ठरवला आहे. युवक मंडळ आणि महिला मंडळ मिळून येत्या शनिवारी सकाळी प्रत्येक प्रार्थनाग्रामातील विहिरींचे नमुने घेणार आहे. चाचणी सोपी आहे. औषध भरलेली एक लहान बाटली मिळते. ही पद्धत १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली. बाटलीत पाणी भरून ठेवायचे. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले, तर त्यात मैल्यातले जंतू असण्याचा धोका आहे असे समजावे. नायट्रेटसाठी वेगळा नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. ज्या घरात गरोदर स्त्री किंवा तान्हे बाळ आहे, त्यांचा नमुना आधी जाईल. भाडेकरूंच्या घरातही विचारपूस होईल, तेव्हा घरमालकांनी मुलांना हुसकावू नये.

बाटली काळी पडली म्हणून कोणाचे नाव चर्चमध्ये वाचले जाणार नाही. त्या घरी दोन जण जाऊन बसतील, खड्डा आणि विहीर यांतले अंतर मोजतील, तळ बांधून घेण्याचा खर्च किती ते सांगतील. ज्याला तो झेपणार नाही, त्याच्यासाठी व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीने उपवासकाळातील दानाचा एक भाग बाजूला ठेवावा, अशी विनंती आपण केली आहे. दोन घरांचा एक बंदिस्त टँक होऊ शकतो. त्यासाठी भाऊ भावाशी बोलायला हवा, एवढीच अडचण आहे, आणि तीच सर्वांत मोठी आहे. विहिरीत टीसीएल किती टाकावे, हे पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात दाखवले जाईल.

पहिला नमुना चर्चच्या आवारातल्या विहिरीचा घेतला जाईल. ती बाटली वेदीजवळ नव्हे, तर मुख्य दरवाजाच्या आत, पवित्र पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवू. येताजाता सर्वांनी पाहावी.